टीसी नाही म्हणून प्रवेश नाही?

रायपूर आणि नागपूर हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या एकाच झोनचे विभाग. त्यामुळे छत्तीसगढमध्ये भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधलं बिऱ्हाड कधी गोंदियाला, कधी इतवारीला हलतं; तिकडचं इकडे येतं. सामान ट्रकमध्ये चढतं आणि दर जूनला शाळेच्या खिडकीवर टीसीचं, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचं, तेच वाक्य ऐकू येतं: ‘आधी टीसी आणा, मग बोलू.’ पालकही ते ब्रह्मवाक्य मानतात. जुन्या शाळेची फी बाकी असेल किंवा बाबू रजेवर असेल, तर मूल घरी बसतं.

असा नियमच नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम ५ नेमकं उलट सांगतं. राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तरी मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. आधीच्या मुख्याध्यापकाने टीसी ताबडतोब द्यायची. ती यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही, नाकारायचाही नाही. टीसी अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही तिथेच लिहिलं आहे. कायदा होऊन इतकी वर्षं झाली. समोर आलेला चहा संपायच्या आत वाचून होईल एवढं हे कलम आहे. तरी वाचत कुणी नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर पालक अर्धवट माहितीवर भांडायला जातात. हे संरक्षण ६ ते १४ वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत. शिवाय हा हक्क सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत जाण्याचा आहे. केंद्रीय विद्यालय किंवा विनाअनुदानित खासगी शाळेचं दार या कलमाने उघडत नाही.

फीसाठी टीसी अडवण्याबद्दल मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये स्पष्ट सांगितलं की टीसी हे थकबाकी वसुलीचं हत्यार नव्हे. तो निकाल तामिळनाडूतला, पण त्याचा आधार हाच केंद्रीय कायदा आहे. शाळेला फी बुडवावी लागत नाही. ती पालकांकडून रीतसर वसूल करता येते, मुलाला ओलीस ठेवून नव्हे.

मग टीसीची गरजच नाही? हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. टीसी हवीच, फक्त ती मागाहून आली तरी चालते. नव्या शाळेने वयानुसार वर्ग द्यावा, पालकांचा अर्ज फायलीला लावावा, जुन्या शाळेला पत्र पाठवून त्याची प्रत ठेवावी. शाळांच्या नोंदी ठेवणाऱ्या यूडायस प्लस पोर्टलवर जुन्या शाळेने मुलाला ‘शाळा सोडली’ असं दाखवलं की त्याची नोंद ड्रॉपबॉक्समध्ये जाते आणि नवी शाळा मुलाच्या पेन (कायम शिक्षण) क्रमांकावरून ती आपल्याकडे ओढून घेते. ही पायरी राहिली की मूल बसतं गोंदियात आणि पटावर असतं चरोद्यात.

खरी डोकेदुखी नावाची असते, पण तिच्याकडे लक्ष जातं दहावीचा फॉर्म भरताना. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. छत्तीसगढमध्ये बहुधा नाव आणि आडनाव एवढंच. वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तिसराच प्रकार. नावं जुळली नाहीत की अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभराचा ओळख क्रमांक, तयार होत नाही. जन्मदाखल्यावरचं नाव प्रमाण धरा आणि मूल शाळेत असतानाच बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलून घेणं म्हणजे चपला झिजवणं.

बाकीचे गैरसमज भराभर. आधारशिवाय प्रवेश नाही: सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८लाच हे खोडलं. जन्मदाखला नसेल तर प्रवेश नाही: शिक्षणहक्क कायद्याचं कलम १४ हे खोडतं. मात्र १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे, तेव्हा तो काढायला उशीर नको. वर्षाच्या मध्ये बदली झाली तर प्रवेश बंद: त्याच कायद्याचं कलम १५ वाचा. मायग्रेशन सर्टिफिकेट सहावीलाही लागतं: ते बोर्ड देतं, दहावी-बारावीनंतर. कॉलेजात मूळ गुणपत्रिका जमा कराव्या लागतात: यूजीसीने २०१८मध्ये संस्थांना त्या ठेवून घ्यायला मनाई केली आहे, पडताळून परत घ्या.

जातीच्या दाखल्याला मात्र एका ओळीत उरकता येत नाही. चरोद्यात मिळालेला अनुसूचित जाती-जमातीचा दाखला महाराष्ट्रात राखीव जागेसाठी चालेल, असं बरेच जण धरून चालतात. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलं की स्थलांतरिताला सवलत मूळ राज्यातच मिळते. पण याची दुसरी बाजू चरोद्यातल्या अनेक मराठी घरांच्या लक्षातच येत नाही. भिलाईचा कारखाना उभा राहिला पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी; त्यासाठी आलेली घरं त्याच सुमारासची किंवा नंतरची. महाराष्ट्र मूळ रहिवास ठरवताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरतो. आजोबा त्या तारखेला भंडाऱ्यात राहत असतील आणि नंतर इकडे आले असतील, तर नातवाचा दावा महाराष्ट्रात उभा राहतो. त्यासाठी आजोबांच्या प्राथमिक शाळेतली दाखल-खारीज नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल लागेल. ती काढायला गावी जावं लागतं. बारावीच्या निकालाची वाट न पाहता जावं.