परराज्यातलं रेंटल : जाहिरातीतला टॅक्स तुमचा नसतो

बे एरियात नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना तिथेच भाड्यासाठी दुसरं घर घेणं झेपत नाही. मग नजर इंडियानापोलिस, क्लीव्हलँड, डॅलसकडे वळते. त्यात वावगं काही नाही. पण घर निवडण्याचे निकष बहुधा ऐकीव असतात.

गैरसमज : महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का असलं की घर घ्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : हा ठोकताळा नको ती घरं बाजूला काढण्यापुरता ठीक आहे, घर पसंत करायला नाही. समजा, इंडियानापोलिसमध्ये १,५०,००० डॉलरचं घर आहे आणि भाडं १,५०० डॉलर. निकषात अगदी चोख बसतं. २० टक्के डाऊनपेमेंट भरून उरलेल्या रकमेवर ७ टक्क्यांनी ३० वर्षांचं कर्ज काढलं, तर वर्षाचे हप्ते होतात सुमारे ९,५८० डॉलर. जाहिरातीत प्रॉपर्टी टॅक्स १,५०० दिसतो, विमा १,५०० धरू. १८,००० भाड्यातून हे सगळं वजा जाता ५,४०० डॉलर उरतात.

आता तुमच्या नावाने हिशेब मांडा. इंडियानात मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या टॅक्सला मूल्यांकनाच्या १ टक्क्याची मर्यादा आहे, भाड्याच्या घराला २ टक्क्यांची. जाहिरातीतला आकडा जुन्या मालकाचा आहे. तुमचा टॅक्स ३,००० पर्यंत जाऊ शकतो. घर मधूनमधून रिकामं राहील, त्याचे ५ टक्के म्हणजे ९०० गेले. मॅनेजरचे १० टक्के धरले तर १,७१०. छत, फर्नेस, गीझर आणि किरकोळ दुरुस्तीसाठी २,४०० बाजूला ठेवले. वर्षाअखेरीस हातात काही उरत नाहीच, उलट हजारभर डॉलर पदरचे जातात. घर तेच, भाडंही तेच.

म्हणून माझ्या मते पहिला निकष हा : विक्रीनंतर टॅक्स किती होईल? मिशिगनमध्ये घर विकलं गेलं की करपात्र मूल्यावरची वार्षिक वाढीची मर्यादा सुटते, शिवाय मालक तिथे राहत नसेल तर शाळांसाठीचा जादा टॅक्स लागतो. टेक्सासमध्येही राहत्या घराची सवलत आणि १० टक्के वाढीची मर्यादा जुन्या मालकाबरोबरच जाते. काउंटीच्या संकेतस्थळावर मूल्यांकन आणि सवलती सहसा बघता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, तेवढा वेळ जरूर काढा.

गैरसमज : टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही, म्हणजे भाड्यावर राज्याचा कर नाही.

वस्तुस्थिती : तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल, तर घर कुठेही असो, भाड्याचं उत्पन्न कॅलिफोर्निया मोजतेच. वायोमिंगमध्ये एलएलसी काढूनही सुटका होत नाही. कारभार कॅलिफोर्नियात बसून चालवलात, तर त्या एलएलसीवर वर्षाला किमान ८०० डॉलर भरावे लागतात. वरच्या हिशेबात हे ८०० धरून बघा.

गैरसमज : कागदोपत्री तोटा पगारातून वजा होतो.

वस्तुस्थिती : २५,००० डॉलरपर्यंतची ही सवलत समायोजित उत्पन्न १,००,००० च्या वर गेलं की कमी होत जाते आणि १,५०,००० ला संपते. दोघं नोकरी करणाऱ्या बहुतेक आयटी कुटुंबांना ती मिळतच नाही. तोटा पुढच्या वर्षांत ओढला जातो. इमारतीवर साडेसत्तावीस वर्षांत घसारा मिळतो खरा, पण विकताना त्या घसाऱ्याइतक्या नफ्यावर २५ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर बसतो.

गैरसमज : नवं किचन, नवा रंग, म्हणजे खर्च निघणार नाही.

वस्तुस्थिती : क्लीव्हलँड, डेट्रॉइटकडची कितीतरी घरं शंभरीला आलेली आहेत. अंगणाखालची सांडपाण्याची मातीची पाइपलाइन झाडांच्या मुळांनी फुटलेली असते आणि नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ती दिसत नाही. कॅमेरा घालून तपासणी वेगळी सांगावी लागते. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. क्लीव्हलँडमध्ये अशा भाड्याच्या घरांना शिशाच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. विक्रेत्याकडे ते आधी मागा.

शेवटचं सांगणं : घराआधी मॅनेजर शोधा. रिअल्टरला कमिशन विक्रीतून मिळतं, मॅनेजरला मात्र त्याच भाडेकरूंशी रोज व्यवहार करायचा असतो. ऑफर देण्याआधी दोघा-तिघा मॅनेजरांना फोन करून पत्ता सांगा आणि विचारा, ‘या ब्लॉकवरचं घर तुम्ही सांभाळायला घ्याल का?’ ते नाही म्हणाले, तर ते घर सोडून द्या.