सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली तर

सोनोग्राफीच्या कागदावर 'एसओएल' लिहून आले की घरात रडारड सुरू होते. आम्ही नांदगावच्या वस्त्यांत हे पाहतो. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच, की लिव्हरमध्ये काहीतरी जागा अडवून बसले आहे. ते कॅन्सरच आहे, असे त्यातून ठरत नाही. लिव्हरचा जुना आजार नसेल तर बहुतेकदा ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ, म्हणजे हेमँजिओमा निघते. तिला बहुधा औषधही लागत नाही. थंडीताप आणि उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर पू झालेला असू शकतो. तो उपचाराने बरा होतो, पण दवाखाना त्याच दिवशी गाठावा.

हिपॅटायटिस बी-सी असलेल्याची किंवा दारूने लिव्हर आकसलेल्याची गोष्ट वेगळी. तिथे कॅन्सरची भीती खरी असते. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन अमरावतीला इर्विनमध्ये जा. तीन टप्प्यांचा सीटी आणि एएफपी रक्ततपासणी लागेल का, विचारा. जुने रिपोर्ट सोबत न्या. गाठ वाढली का, ते त्यावरूनच कळते. झाडपाल्याने गाठ विरघळत नाही, उलट काही पाल्यांनी लिव्हरच बिघडते. हिपॅटायटिसची तपासणी व औषधे 2018 पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. एकाला बी निघाला तर घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासून घ्या, लेकराबाळांचेसुद्धा.