दत्तक

मराठी भाषेत ‘मांडीवर घेणे’ असा एक वाक्प्रचार आहे. मूल रडू लागले म्हणजे आई त्यास मांडीवर घेते, तो अर्थ निराळा. परंतु ‘अमक्याने आपल्या पुतण्यास मांडीवर घेतले’ असे घरातील वडील माणसे सांगतात, तेव्हा त्याने पुतण्यास दत्तक घेतले असे समजावयाचे. ज्या आईबापांनी मूल दिले, त्यांनी ते दुसऱ्याच्या ‘ओटीत घातले’ असे म्हणतात. स्वतः ‘दत्तक’ हा शब्द संस्कृतातून आला असून त्याचा अर्थ ‘दिलेला’ असा आहे. हे नाव घेणाऱ्यावरून पडलेले नाही, देण्यावरून पडलेले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपले मूल दुसऱ्यास देणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

दत्तक मूल कोणाचे, असे विचारले तर उत्तर सोपे वाटते. परंतु ते कोण विचारतो त्यावर अवलंबून असते. न्यायाधीश विचारतो, की हे नाव कोणाचे लावणार व इस्टेटीचा वारसा कोणाकडून घेणार? धर्मशास्त्र विचारते, की हा श्राद्ध कोणाचे करणार? आणि घर विचारते, की रात्री भय वाटले म्हणजे हे मूल कोणास हाक मारते? या तीन प्रश्नांची उत्तरे नेहमी एकच येतात असे नाही. ती एकमेकांशी जुळेनाशी झाली म्हणजे काय होते, हे आपल्या इतिहासात अनेकदा दिसून आले आहे.

पनवेलहून पूर्वेकडे पाहिले असता माथेरानचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे कर्जत तालुका आहे. त्या तालुक्यातील वेणगाव येथील माधवराव नारायण भट व गंगाबाई यांस १८२४ साली एक पुत्र झाला. पुढे हे कुटुंब गंगातीरी कानपूरजवळ ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर, येथे गेले. राज्य गमावलेले दुसरे बाजीराव पेशवे तेथे राहत होते. त्यांस पुत्र नव्हता. १८२७ साली त्यांनी अवघ्या तीन वर्षांच्या या बालकास दत्तक घेतले. हेच नानासाहेब पेशवे. वेणगावातील भटांचा मुलगा अशा रीतीने पेशव्यांचा पुत्र झाला. त्यास कोणी त्याची संमती विचारली नसणार. तीन वर्षांच्या मुलास काय विचारणार?

१८५१ साली बाजीराव वारले. त्यांची खाजगी संपत्ती नानासाहेबांकडे आली. परंतु बाजीरावांस दरसाल मिळणारे आठ लक्ष रुपयांचे वेतन कंपनी सरकारने बंद केले. हे वेतन बाजीरावांच्या हयातीपुरतेच होते, असे गव्हर्नर जनरल डलहौसी याचे म्हणणे पडले. नानासाहेबांनी आपली बाजू मांडण्यासाठी अझीमुल्लाखान यांस विलायतेस पाठविले. त्याचा उपयोग झाला नाही. १८५७ साली कानपूर येथे उठावाचे पुढारीपण नानासाहेबांकडे आले, त्यास जी अनेक कारणे झाली, त्यांपैकी हे एक होय.

कंपनीचा युक्तिवाद नीट समजून घेतला पाहिजे. दत्तक पुत्राने बापाचा वाडा, दागिने व रोकड घ्यावी, श्राद्ध करावे, त्यास आमची हरकत नाही. मात्र आमच्या परवानगीवाचून घेतलेल्या दत्तकास राज्य मिळणार नाही, असे ती म्हणे. म्हणजे एकच मूल घरात पुत्र होते, देवापुढे पुत्र होते, आणि दरबारात मात्र परके होते. याच न्यायाने १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले. झाशीचे गंगाधरराव यांनी १८५३ साली मृत्यूच्या आदल्या दिवशी पाच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. तरीही पुढल्या वर्षी झाशी गेली. राणी लक्ष्मीबाईंचा लढा या मुलाच्या हक्कापासून सुरू झाला.

उठावानंतर इंग्रज सरकारने धोरण बदलले व संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणूनच नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसू शकला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरचे शाहू महाराज झाले, तेही दत्तविधानानेच. महाराष्ट्रास लाभलेले हे दोन थोर राजे ‘मांडीवर घेतलेले’ होते.

राजघराण्यांच्या गोष्टी मोठ्या असतात, म्हणून त्या लिहून ठेवल्या जातात. पण सामान्य घरांतही दत्तकविधी होत असे. ब्राह्मण बोलावून होम करीत. जन्मदाता बाप मुलाचा हात घेणाऱ्याच्या हाती देई. घेणारा त्यास मांडीवर बसवून त्याच्या मस्तकाचे अवघ्राण करी, म्हणजे मस्तक हुंगी. त्या क्षणापासून मुलाचे घराणे बदले व गोत्र भिन्न असल्यास तेही बदले. यामागील समजूत अशी, की मनुष्यावर पितरांचे ऋण असते आणि ते पुत्रावाचून फिटत नाही. अर्थात या विचारात मुलीस स्थान नव्हते. अनाथ मुलासही फारसे नव्हते. कारण देणारे आईबाप असल्यावाचून दान पुरे होत नसे. ज्यास घराची सर्वांत अधिक गरज, त्यासच हे दार बंद होते. जुन्या पद्धतीतील हा दोष आपण झाकून ठेवू नये.

हे दार महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी उघडले. पुण्यात त्यांच्या आश्रयास आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस मुलगा झाला. तो त्यांनी दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेवले. माळी घराण्याने ब्राह्मण विधवेचे मूल पुत्र म्हणून वाढवावे, ही गोष्ट त्या काळी पुष्कळांस रुचली नाही. १८९० साली जोतीराव वारले. अंत्ययात्रेपुढे टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, धरावयाचा मान पुत्राचा. परंतु यशवंताच्या त्या हक्कास काही आप्तांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे धरले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यास प्लेगची साथ आली, तेव्हा या मायलेकांनी शहराबाहेर रोग्यांची शुश्रूषा चालविली. त्या सेवेतच सावित्रीबाईंस प्लेग झाला व १० मार्च रोजी त्या निवर्तल्या.

स्वतंत्र भारतात १९५६ साली हिंदूंसाठी दत्तकाचा नवा कायदा झाला. तो बौद्ध, जैन व शीख यांसही लागू आहे. त्याने मुलीसही दत्तक घेता येऊ लागले. अविवाहित स्त्रीस व विधवेस स्वतःच्या नावे मूल घेण्याचा हक्क मिळाला. विवाहित स्त्रीस पतीच्या संमतीने तो हक्क २०१० साली मिळाला. होम झालाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मूल प्रत्यक्ष देणे व घेणे मात्र घडले पाहिजे. मुलाबद्दल पैसे देणे किंवा घेणे हा गुन्हा आहे. आणखी एक कलम मला फार महत्त्वाचे वाटते: एकदा रीतसर झालेले दत्तक घेणाऱ्यास मोडता येत नाही, व मुलासही जन्मघरी वारस म्हणून परत जाता येत नाही. मूल आजारी निघाले, अभ्यासात मागे पडले, किंवा मागाहून घरात पोटचे मूल जन्मले, तरी ते नाते उठत नाही.

इतर धर्मांचे काय? त्यासाठी दूर जावयास नको; पनवेल शहरातच देवळे व मशिदी आहेत, तसे बेने इस्राएल समाजाचे १८४९ सालचे सिनेगॉगही आहे. यहुदी धर्मात अनाथास वाढविणारा हा जन्मदात्यासारखाच मानावा अशी शिकवण आहे. वंश मात्र जन्मावरूनच मोजतात. इस्लाममध्ये अनाथाचा सांभाळ हे मोठे पुण्य होय. स्वतः पैगंबर महंमद पोरके होते व चुलते अबू तालिब यांनी त्यांस वाढविले. परंतु मुलाच्या जन्मदात्या पित्याचे नाव पुसून आपले लावणे त्या धर्मास मान्य नाही. वरवर पाहता हे आपल्या दत्तविधानाच्या उलट दिसते. एक परंपरा म्हणते, मुलास पूर्ण आपले करा. दुसरी म्हणते, त्याचे मूळ त्याच्यापासून लपवू नका. दोन्हींमागे मुलाविषयीची काळजीच आहे.

पूर्वी मुसलमान, ख्रिस्ती, पारशी व यहुदी यांस कायद्याने केवळ ‘पालक’ होता येत असे. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे. आता तसे नाही. अनाथ व टाकून दिलेल्या बालकांच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसास मूल दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. पनवेलच्या दांपत्यास या कायद्याने मूल हवे असेल, तर त्यांनी सरकारी यादीत नाव नोंदवावयाचे असते. समाजसेवक घरी येऊन चौकशी करतात. मग पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागते, व ती बहुधा दीर्घ असते. शेवटचा हुकूम पूर्वी न्यायालय देत असे; २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात, आणि रायगडचे जिल्हाधिकारी अलिबागेस असतात. हुकूम झाला म्हणजे मुलाच्या जन्मदाखल्यावर नव्या आईबापांची नावे लागतात. आपल्या जन्माविषयी संस्थेपाशी जी माहिती असेल ती ते मूल अठरा वर्षांचे झाल्यावर मागू शकते. परंतु जन्मदात्या आईने आपले नाव गुप्त ठेवावे असे सांगितले असेल, तर ते नाव तिच्या संमतीवाचून त्यास सांगितले जात नाही.