गिधाड आणि गावाचे आरोग्य

गावातील बैल किंवा म्हैस मेली, की तिचे शव गावाबाहेर ठरलेल्या जागी नेऊन टाकावयाचे, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. थोड्याच वेळात आकाशात ठिपके दिसू लागत, पाहता पाहता गिधाडांचा थवा खाली उतरे आणि तासाभरात हाडांच्या सापळ्याखेरीज काही उरत नसे. या कामाबद्दल गिधाडाचे कोणी आभार मानले नाहीत. उलट त्याचे नाव शिवीसारखेच वापरले गेले. परंतु हा पक्षी माणसांच्या आरोग्याची केवढी राखण करीत होता, हे तो नाहीसा झाल्यावर कळून आले. तेही आपोआप कळले नाही. काही तरुण संशोधकांनी चिकाटीने केलेल्या मोजणीमुळे व तपासणीमुळे कळले. ही हकीकत प्रत्येक पशुपालकाने जाणून घ्यावी अशी आहे. कारण तिचे मूळ आपल्याच गोठ्यात आहे.

गिधाडाचे काम

गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात मरून जातात. त्यामुळे शव तर नाहीसे होतेच, शिवाय त्यातील रोगबीजही मोठ्या प्रमाणात संपते. कुत्री व उंदीर हेही मढ्यावर जगतात; पण त्यांना हे काम इतक्या लवकर व इतके पुरते साधत नाही. शव दिवसचे दिवस कुजत राहते, पावसाच्या पाण्याबरोबर घाण ओढ्यात उतरते आणि आयत्या खाद्यावर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढते. कुत्री वाढली म्हणजे त्यांचा चावा व पिसाळ रोग यांचे भयही वाढते.

एका तरुणाची वही

डॉ. विभू प्रकाश हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक. १९८० नंतरच्या दशकात, उमेदीच्या वयात, ते राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. झाडोझाडी हिंडून त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली. १९८७-८८ साली ती ३५३ भरली. त्या काळी गिधाडे इतकी विपुल होती, की ती कशासाठी मोजावयाची, असे कोणालाही वाटले असते.

१९९६ साली त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा निम्मीही घरटी उरली नव्हती. झाडांवर माना टाकून बसलेले पक्षी व झाडांखाली पडलेली मृत गिधाडे दिसू लागली. पुढील काही वर्षांत तेथे एकही घरटे राहिले नाही. आधीची वही हाताशी होती, म्हणूनच हा ऱ्हास आकड्यांत दाखविता आला. पुढे देशभर पाहणी झाली आणि १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक घटल्याचे आढळून आले.

कारणाचा शोध

आरंभी एखाद्या साथीच्या रोगाचा किंवा कीटकनाशकाचा संशय घेतला गेला. खरे कारण पाकिस्तानातील पंजाबात काम करणाऱ्या एका पथकास सापडले. पशुरोगतज्ज्ञ लिंडसे ओक्स यांच्याबरोबर मार्टिन गिल्बर्ट व मुनीर विरानी यांच्यासारखे तरुण संशोधक त्या पथकात होते. मेलेल्या गिधाडांच्या आतड्या-काळजावर पांढरा थर साचलेला दिसे. मूत्रपिंडे निकामी होऊन युरिक आम्ल अंगात साचल्याचे ते लक्षण होते. अशा २५ गिधाडांची मूत्रपिंडे तपासली असता सर्वांत डायक्लोफिनॅक हे औषध मिळाले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत ते मुळीच नव्हते. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला.

डायक्लोफिनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध होय. १९९३-९४ च्या सुमारास ते स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या किंवा कास सुजलेल्या जनावरांना सर्रास टोचले जाऊ लागले. असे जनावर लवकरच मेले व ते गिधाडांनी खाल्ले, तर मांसातील औषधाचा अल्प अंशही त्यांचा प्राण घेण्यास पुरेसा ठरतो. गिधाडे थव्याने जेवतात. म्हणून एका शवापासून पुष्कळ पक्षी दगावतात. शंभर शवांत एकाहूनही कमी शव असे दूषित असले, तरी सारी जात नष्ट होण्यास तेवढे पुरते, असे गणिताने दिसून आले. हे औषध पशुपालकाने टोचून घेतले ते जनावराच्या दुःखावर उतारा म्हणून. त्यात त्याचा दोष नव्हता. परिणाम मात्र भयंकर झाला.

माणसांवर काय बेतले

गिधाडे गेल्याने माणसांचे काय झाले, हा प्रश्न पुढे एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी हाती घेतला. त्यांनी जिल्ह्यांचे दोन गट पाडले. एका गटात पूर्वी गिधाडांना राहण्यास सोयीचे असलेले जिल्हे होते, तर दुसऱ्यात गिधाडे मुळातच कमी असलेले. औषध येण्यापूर्वीचे व नंतरचे मृत्यूचे आकडे त्यांनी ताडून पाहिले. पहिल्या गटातील मृत्युदर शेकडा ४ हून अधिक वाढला होता. दुसऱ्यात तशी वाढ दिसली नाही. या तुलनेवरून २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे १ लाख, म्हणजे एकंदर ५ लाखांच्या आसपास, अधिक मृत्यू झाले असावेत, असा अंदाज त्यांनी बांधला. मोकाट कुत्री व पिसाळ रोगावरील लशीची विक्री वाढल्याचे, तसेच नद्यांचे पाणी अधिक दूषित झाल्याचे पुरावेही त्यांना मिळाले. त्यांचा निबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला.

दवाखाना, नळ व लस यांचे मोल आपण जाणतो. आकाशात घिरट्या घालणारा एक पक्षीही त्याच पंक्तीत बसतो, हे या आकड्यांनी दाखविले.

बंदी झाली, पुढे काय?

जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनविण्यास व विकण्यास भारतात २००६ साली बंदी झाली. तथापि माणसांसाठी मिळणाऱ्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ साली माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या कुपीत विकण्याचे बंधन आले. गिधाडांना घातक ठरलेल्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या पशुवापरावर २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे मात्र जनावरास गुणकारी व गिधाडांस सुरक्षित असल्याचे २००६ सालीच सिद्ध झाले आहे. म्हणजे गिधाड वाचविण्यासाठी आपल्या बैलास वेदनेत ठेवण्याचे काही कारण नाही.

पशुपालकांनी व ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. जनावरास वेदनाशामक इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. औषधाचे नाव विचारावे व ते गिधाडांस सुरक्षित आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

२. माणसांसाठी असलेल्या डायक्लोफिनॅकच्या कुप्या जनावरांसाठी कधीही वापरू नयेत.

३. वेदनाशामक दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, तर त्याचे शव उघड्यावर टाकू नये. विहीर, ओढा व वस्ती यांपासून दूर खोल खड्डा घेऊन, चुना टाकून पुरावे.

४. फाशी रोगाचा संशय असल्यास शव फाडू नये, कातडे काढू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

५. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

६. गावाच्या शिवारात गिधाडे किंवा त्यांची घरटी दिसल्यास वनखात्यास कळवावे. घरट्याचे झाड तोडू नये.

आणखी एक काम गावातील शिकलेल्या तरुणांनी अंगावर घेण्यासारखे आहे. कोकणातील उंच झाडांवर व सह्याद्रीच्या कड्यांवर अजून काही गिधाडे तग धरून आहेत. पिंजऱ्यात वाढविलेली गिधाडे २०२४ साली ताडोबा व पेंच येथे आणली गेली आहेत. आपल्या भागात कोणत्या महिन्यात किती गिधाडे दिसली, एवढे जरी वहीत तारीखवार टिपून ठेवले, तरी त्या नोंदीचे मोल मोठे आहे. भरतपूरच्या वहीने हेच शिकविले.

गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे ५ वर्षे लागतात. दहा-पंधरा वर्षांत जे गमावले, ते भरून येण्यास आपल्या नातवंडांचा काळ उजाडेल. तोवर गोठ्यात टोचल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाचे नाव वाचून घेणे आपल्या हाती आहे.