विकली किती, ऐकली किती

जुन्या रेकॉर्डच्या बाजारात हल्ली एक वेगळंच गिऱ्हाईक दिसतं. त्याला गाणं ऐकायचं नसतं. त्याला हवी असते काचेच्या चौकटीतली सोनेरी तबकडी, खप भरघोस झाला म्हणून कंपनीने कलावंताला दिलेली, खाली पट्टीवर नाव कोरलेली.

ही चाल अमेरिकेतली. फेब्रुवारी १९४२मध्ये ग्लेन मिलर यांच्या ‘चॅटानूगा चू चू’ची विक्री १२ लाखांवर गेली, तेव्हा आरसीए व्हिक्टरने त्यांना सोनेरी मुलाम्याची तबकडी दिली. १९५८पासून तिथली उद्योगसंघटना खप तपासून हा मान देऊ लागली. प्लॅटिनम आलं १९७६मध्ये. गंमत म्हणजे चौकटीतली तबकडी पुष्कळदा त्या गाण्याची नसतेच. हाताशी असेल तिला मुलामा द्यायचा आणि वर हवं ते लेबल डकवायचं. चिकित्सक संग्राहक तबकडीवरच्या गाण्यांचे पट्टे मोजून लेबलाशी ताडून पाहतात. पण नक्कल पकडायला ही खूण कुचकामी, कारण अस्सल चौकटीतही तबकडी दुसऱ्याचीच निघते!

आपल्याकडे या मानाचं ठळक उदाहरण पंडित भीमसेन जोशी. १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धात एचएमव्हीने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली, तीत कन्नड आणि हिंदी भक्तिगीतं होती. प्लॅटिनम तबकडी मिळाली १९८६मध्ये. तोवर बाजार कॅसेटच्या हाती गेला होता. मान मात्र तबकडीचाच.

पण या चाळीसेक वर्षांत बारामती-इंदापूरसारख्या ग्रामीण भागात खपाचा हिशेब कसा लागणार होता? नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५पासून या भागात खेळतं. ऊस आला, साखर कारखाने आले, हातात पैसा आला. तरी रेकॉर्ड प्लेअर घरोघरी नव्हता. गाणं यायचं ते लाऊडस्पीकरवाल्याकडून. हळदीच्या दिवशी तो अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि पत्र्याच्या पेटीतल्या रेकॉर्ड घेऊन उतरायचा. लिंबाच्या शेंड्याला कर्णा बांधला की लग्न कुणाच्या घरी आहे हे शेजारच्या वस्तीवरही कळायचं. सकाळी अभंग, दुपारी सिनेमाची गाणी, आणि १९७५नंतर ‘शोले’चे संवाद. गब्बरचे प्रश्न तोंडपाठ असलेल्या कितीतरी पोरांनी तोवर सिनेमा पाहिलेलाही नव्हता.

कंपनीच्या वहीत ही एक रेकॉर्ड विकली गेली, एवढीच नोंद. ती ऐकली किती कानांनी? आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडीच्या रिंगणावरून इंदापूरकडे निघते. त्या वाटेवरच्या एखाद्या मांडवात भीमसेनांचा अभंग लागला, तर एका प्रतीला हजारो श्रोते. माझं स्पष्ट मत आहे की सोनेरी तबकडीने मोजली ती गिऱ्हाइकं. शिवाय आपल्याकडे तबकडी देणारी बहुधा कंपनी स्वतःच; तिचा आकडा तिच्याच वहीतला.

पुढे कॅसेटने लाऊडस्पीकरवाल्याचा धंदा हलका केला. जड पेटी गेली, पिन बदलण्याची कटकट गेली, एका कॅसेटवरून दुसरी भरून घेता येऊ लागली. तेव्हा तर खपाचा आकडा आणि ऐकणारे यांची फारकतच झाली. पेट्या माळ्यावर पडल्या, काही भंगारात गेल्या, उरलेल्या पुण्याच्या जुन्या बाजारात आल्या.

१९९०मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक निघालं, आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांची शास्त्रशुद्ध नोंद करणारे लोक एकमेकांना सापडले. हौशी संग्राहक मात्र अजूनही चकचकीत प्रत शोधतो. लाऊडस्पीकरवाल्याची रेकॉर्ड त्याला नको असते, कारण ती घासलेली, लेबलावर मालकाचा जांभळा रबरी शिक्का: अमुक साउंड सर्व्हिस, मुक्काम, तालुका, जिल्हा पुणे. भिंतीवर लावायला मला विचाराल तर मी मुलाम्याची चौकट सोडून ही शिक्क्याची प्रत घेईन. ती मिळते स्वस्त, आणि तिच्या खरेपणाबद्दल शंकाही नसते. असल्या रेकॉर्डची नक्कल करून कुणाला काय मिळणार?