परदेशातील कंपनी आणि परदेशातील वास्तव्य

परदेशात स्वतःची कंपनी काढण्याचा मनोदय घेऊन काही माजी विद्यार्थी अलीकडे आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. कंपनीची नोंदणी झाली की तेथे राहण्याचा हक्क आपोआप मिळतो, अशी त्यांतील अनेकांची समजूत असते. या समजुतीपायी आईवडिलांची आयुष्यभराची बचत पणाला लागू शकते. म्हणून सिंगापूरच्या उदाहरणाने हा विषय स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नामक बूट-कारखानदाराच्या खटल्यात असा निर्णय दिला की, विधिवत नोंदलेली कंपनी ही तिच्या मालकाहून भिन्न अशी कायदेशीर व्यक्ती होय. इंग्रजी कायद्याची परंपरा लाभलेल्या सिंगापुरातही हेच तत्त्व लागू आहे. कंपनीच्या जन्माची नोंद तेथे ‘अक्रा’ हे सरकारी कार्यालय करते. मालकाला राहून काम करण्याचा परवाना मात्र मनुष्यबळ मंत्रालय देते.

नोंदणी तशी सुलभ आहे. सर्व भाग परकीयाच्या नावे असू शकतात, एक डॉलर भांडवलही चालते आणि सरकारी शुल्क ३१५ सिंगापूर डॉलर आहे. परंतु किमान एक संचालक तेथील रहिवासी असावा लागतो, कार्यालयाचा पत्ता तेथीलच लागतो आणि सहा महिन्यांच्या आत कंपनी सचिव नेमावा लागतो. परकीयास हे सारे बहुधा नोंदणीकृत सेवासंस्थेमार्फत करावे लागते आणि तिचे वार्षिक शुल्क सरकारी शुल्काहून पुष्कळ अधिक असते.

उद्योजकासाठी ‘एंट्रेपास’ नावाचा परवाना आहे. त्यासाठी अर्जदाराकडे किमान ३० टक्के भाग असावे लागतात. कंपनी आधीच नोंदली असल्यास ती सहा महिन्यांहून जुनी चालत नाही. आणि व्यवसायात नवे तंत्रज्ञान अथवा मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराचे पाठबळ दाखवावे लागते. उपाहारगृह वा कॉफीचे दुकान यांसाठी तो मिळत नाही. आधी कंपनी नोंदवून परवान्याचा विचार सावकाश करणाऱ्याची संधी अशा रीतीने हुकते.

भारतातून पैसा पाठवितानाही नियम आहेत. निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंतच रक्कम पाठविता येते आणि २०२२ च्या नियमांनुसार ही गुंतवणूक अधिकृत बँकेमार्फत नोंदवावी लागते. प्राप्तिकर विवरणपत्रातही परदेशातील मालमत्ता दाखवावी लागते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की कोणत्याही मध्यस्थास पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: आपण देणार आहात तो कागद कंपनीचा की माझा? उत्तर लेखी मिळाल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.