औषधाचा अपाय

रोग हटविते ते औषध, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. पोटात गेलेली गोळी रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर साऱ्या देहात फिरते. दुखणे डोक्यात आहे की गुडघ्यात, हे त्या गोळीला कोठून कळावे? ॲस्पिरिन डोकेदुखी थांबविते; परंतु तेच जठराच्या नाजूक अस्तराला इजा करते आणि कधी कधी तेथून रक्तस्राव होऊ लागतो. औषध योग्य प्रमाणात घेतले असतानाही असा जो त्रास उद्भवतो, त्याला औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया म्हणतात.

काही प्रतिक्रिया औषधाच्या अंगभूत गुणातूनच निघतात. मधुमेहाचा रोगी इन्शुलिन टोचून घेतो, ते रक्तातील साखर उतरावी म्हणून. पण त्या दिवशी जेवायला उशीर झाला, तर साखर नको तितकी उतरते. घाम फुटतो, हात कापू लागतात, भोवळ येते. येथे औषधाने नवे असे काहीच केले नाही. आपलेच काम ते गरजेपेक्षा अधिक करून बसले. अशा प्रतिक्रिया पुष्कळ आढळतात. पण त्यांचा अंदाज आधी बांधता येतो आणि मात्रा कमी केली की त्या बहुधा ओसरतात.

दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रिया विरळ, पण अवचित येणाऱ्या असतात. १९२८ साली ॲलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत सापडलेल्या पेनिसिलिनने असंख्यांचे प्राण वाचविले. तेच पेनिसिलिन एखाद्याच्या देहाला शत्रू वाटते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो आणि तत्काळ उपचार न मिळाल्यास जीवही जातो. मात्रा अल्प होती, हे कारण येथे उपयोगी पडत नाही. पहिल्या खेपेस बहुधा काहीच होत नाही. देह तेव्हा त्या द्रव्याची ओळख करून घेतो आणि पुढच्या खेपेस उलटतो. ‘पूर्वी कोणते औषध सोसले नव्हते का?’ असे डॉक्टर विचारतात, ते उगीच नव्हे.

क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे कानाच्या आतील भागाला इजा पोहोचवू शकतात. मग तोल जातो किंवा कमी ऐकू येते.

सर्वांत दुःखद कथा थॅलिडोमाइडची आहे. झोप यावी व गर्भारपणातील मळमळ थांबावी म्हणून हे औषध १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकले जाऊ लागले. ते अगदी निर्धोक आहे, असा गवगवा झाला होता. मातेला त्रास होत नसे. परंतु गर्भाचे हातपाय घडत असतात, त्याच काळात ते घेतले गेले तर ती घडण बिघडे. जगभर १०,००० हून अधिक बालके अपुऱ्या वाढीच्या हातापायांनी जन्मास आली. १९६१ साली हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी हा संबंध ओळखला आणि त्याच वर्षी जर्मनीत औषधाची विक्री थांबली.

अमेरिकेत मात्र ते दुकानात पोहोचलेच नाही. १९६० च्या सप्टेंबरात विक्रीच्या परवानगीचा अर्ज आला, तो फ्रान्सिस केल्सी या नव्यानेच रुजू झालेल्या अधिकारी बाईंच्या टेबलावर. निर्धोकपणाचा पुरावा त्यांना तोकडा वाटला. पुढे हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या व बधिरता येते, असे ब्रिटनमधील एक पत्र त्यांच्या वाचनात आले. मग गर्भावर काय परिणाम होतो, असे त्यांनी विचारले. कंपनीने वारंवार तगादा लावला. तरी उत्तर मिळाल्यावाचून त्यांनी सही केली नाही. मोठे धैर्य कधी कधी नुसत्या न केलेल्या सहीत असते. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा गौरव केला.

नवल असे, की थॅलिडोमाइड नाहीसे झाले नाही. कुष्ठरोगातील एका वेदनादायक विकारावर आणि एका प्रकारच्या कर्करोगावर ते आज कडक बंधनांखाली दिले जाते.

कितीही चाचण्या केल्या तरी हजारांत एखाद्यालाच होणारा अपाय औषध बाजारात आल्यावरच दिसतो. म्हणून १९६८ पासून अनेक देश अशा नोंदी एकत्र करू लागले. भारतात हे काम आजच्या स्वरूपात २०१० साली सुरू झाले. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथे आहे. डॉक्टर व परिचारिकाच नव्हेत, तर स्वतः रोगीही तेथे आपला अनुभव कळवू शकतो. त्यासाठीचा नमुना मराठीतही मिळतो.